किण्वजन्य रोग : त्यांची कारणे व प्रसार

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जळगाव व धुळे जिल्ह्यांत कापूस, केळी व ज्वारी या पिकांच्या जोडीला दुभत्या जनावरांचे पालन हा शेतकऱ्याचा मोठा आधार आहे. कापसाचे पैसे हंगामाला येतात, केळीचे पैसे घड कापल्यावर येतात. परंतु मीठमिरचीचा रोजचा खर्च भागतो तो दुधावर. त्यामुळे म्हशीची वा गाईची कास सुजली, दुधात गुठळ्या येऊ लागल्या, की घरावर संकट आल्यासारखे होते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एकच क्रम दिसून येतो. दुकानातून औषधाची नळी आणून ती सडात सोडली जाते. दोनतीन दिवसांत गुण आला नाही म्हणजे दुसरे, अधिक तीव्र औषध आणले जाते. तरीही सूज वाढते, दूध घटते व शेवटी एखादा सड कायमचा आटतो. औषध खोटे निघाले अशी तक्रार मग होते.

वस्तुतः कित्येकदा औषध खोटे नसते; ते त्या रोगावरचे नसते. कासेचा दाह बहुधा जिवाणूंमुळे होतो हे खरे. परंतु काही वेळा तो किण्वांमुळे, म्हणजे ज्यांना यीस्ट म्हणतात त्या सूक्ष्म बुरशीमुळे होतो. जिवाणूंना मारणारी औषधे किण्वांना मारू शकत नाहीत. उलट त्यांचा मार्ग मोकळा करून देतात. हा भेद ध्यानी आला तर अनेक जनावरांची कास वाचेल. तसेच माणसांना होणाऱ्या काही त्रासदायक विकारांचे मूळही त्यावरून समजून येईल.

किण्व म्हणजे काय ?

किण्व ही बुरशीच्या कुळातील एकपेशीय वनस्पतिसदृश सृष्टी होय. भाकरीवर वा लोणच्यावर दिसणारी बुरशी तंतूंची बनलेली असते. किण्वाची मात्र एकेक सुटी, गोल किंवा लांबट गोल पेशी असते. ती आकाराने मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी असते. डोळ्यांना ती दिसत नाही. परंतु तिचे कार्य सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाळ्यात ठेवलेला उसाचा रस दुपारपर्यंत फसफसतो, ताडी आंबते, सातपुड्याच्या पायथ्याशी भिजत घातलेली मोहाची फुले उग्र वास सोडू लागतात, हे सर्व किण्वांमुळेच. साखर खाऊन तिचे मद्यार्क व वायू यांत रूपांतर करणे हे किण्वांचे काम असून ते जिवंत पेशींचे कार्य आहे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ सालापासून केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले.

किण्वाच्या पेशीला बाजूने लहानसा कोंब फुटतो, तो वाढतो व तुटून नवी पेशी होते. ऊब, ओल व खाद्य मिळाले म्हणजे दीडदोन तासांत एकाच्या दोन पेशी होतात. दर दोन तासांनी दुप्पट होण्याचा हा क्रम चोवीस तास अखंड चालला, तर एका पेशीपासून चार हजारांहून अधिक पेशी निर्माण होतील. यावरून एका दिवसाची हयगय किती महाग पडते याची कल्पना येईल.

किण्वांच्या शेकडो जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असून कित्येक उपयुक्तही आहेत. रोग उत्पन्न करणाऱ्यांमध्ये कॅन्डिडा हा वर्ग प्रमुख आहे. तान्ह्या मुलांच्या तोंडात येणारा पांढरा थर बुरशीमुळे येतो, हे १८४० च्या सुमारास युरोपातील वैद्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. या वर्गास कॅन्डिडा हे नाव क्रिस्तीन बेर्कहाउट या डच विदुषीने १९२३ साली दिले.

बी सर्वत्र असते. वाफसा आपण देतो

देवी, गोवर किंवा जनावरांतील लाळ्या खुरकूत हे रोग रोग्यापासून निरोग्याकडे जातात. किण्वजन्य रोगांची रीत बहुतांशी निराळी आहे. रोगकारक किण्वांपैकी अनेक किण्व निरोगी माणसाच्या व जनावराच्या तोंडात, आतड्यात व कातडीवर मुळातच अल्प प्रमाणात राहत असतात. काही गोठ्यातील ओल्या जमिनीवर, आंबलेल्या वैरणीवर, सडक्या फळांवर व शेणमातीत वाढतात. ते तेथे असतात म्हणून रोग होतो असे नाही. शरीरातील उपकारक जिवाणू त्यांची जागा व खाद्य व्यापून त्यांना दाबून ठेवतात. कोरडी व अखंड कातडी त्यांना आत शिरू देत नाही, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी आत शिरलेल्यांचा नाश करतात.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तणाचे बी जमिनीत नेहमीच असते. पण पीक दाट व जोमदार असेपर्यंत तण डोके वर काढीत नाही. पीक विरळ झाले आणि वाफसा मिळाला म्हणजे ते एकाएकी फोफावते. किण्वांचेही तसेच आहे. त्यांना असा वाफसा देणाऱ्या गोष्टी मुख्यत्वे पाच आहेत.

पहिली, सततची ओल व ऊब. दुसरी, कातडीला किंवा आतील नाजूक अस्तराला झालेली इजा. तिसरी, प्रतिजैविक औषधांचा अविचारी वापर. कारण त्यामुळे उपकारक जिवाणू मरतात व किण्वांना मोकळे रान मिळते. चौथी, शरीरातील साखरेचे आधिक्य, म्हणजे मधुमेह. पाचवी, शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होणे; मग ती दीर्घ आजाराने असो, कुपोषणाने असो वा काही औषधांच्या सेवनाने असो.

कासेचा किण्वदाह

खानदेशात कासेच्या दाहास दगडी असेही म्हणतात. किण्वांमुळे होणारा दाह व जिवाणूंमुळे होणारा दाह हे दोन्ही वरून सारखेच दिसतात. कास सुजते, टणक व गरम लागते, दूध कमी होते, त्यात गुठळ्या वा कण येतात, जनावरास ताप येतो व ते धार काढू देत नाही. नुसत्या डोळ्यांनी या दोहोंतील भेद ओळखता येत नाही. तथापि एक खूण संशय उत्पन्न करण्यास पुरेशी आहे. योग्य मात्रेत प्रतिजैविक औषध देऊनही जनावर सुधारण्याऐवजी बिघडत गेले, किंवा आधी किंचित सुधारून पुन्हा कास सुजली, तर किण्वाचा संशय घ्यावा.

किण्व कासेत शिरतात ते सडाच्या टोकाच्या छिद्रातून. हे छिद्र निसर्गतः घट्ट मिटलेले असते. धार काढल्यानंतर मात्र ते लगेच मिटत नाही. त्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. या काळात जनावर ओल्या, शेणामुताने भरलेल्या जमिनीवर बसले तर तेथील जंतूंना वाट मिळते. केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल व चोपडा या भागांत, टाकाऊ केळी व पाने गोठ्याजवळ साठून राहतात व आंबतात. अशा ढिगावर किण्वांची वाढ जोमाने होते. जनावरांच्या बसण्याच्या जागेशेजारी असा ढीग असणे घातक होय.

परंतु याहूनही मोठे कारण माणसाच्या हातात असते. सडात औषध सोडण्याची नळी, दूध उतरविण्याची धातूची नळी किंवा पिचकारी ही साधने स्वच्छ नसली तर सडाचे दार उघडून किण्वांना आत नेऊन सोडल्यासारखे होते. एकाच कुपीतील औषध अनेक जनावरांना अनेक दिवस वापरणे, औषध घरच्या पाण्यात वा तेलात कालविणे, एकाच्या सडातून काढलेली नळी पुसून दुसऱ्याच्या सडात घालणे, ही या रोगाच्या प्रसाराची सर्वांत खात्रीची साधने होत. शिवाय सोबत गेलेले प्रतिजैविक कासेतील जिवाणूंना मारते आणि आत नेलेल्या किण्वांना प्रतिस्पर्धीच उरत नाही. म्हणूनच कासेचा किण्वदाह हा पुष्कळदा उपचारातूनच उद्भवलेला रोग असतो.

प्रतिजैविके किण्वांवर का चालत नाहीत, याचे कारण सोपे आहे. पेनिसिलीनसारखे औषध जिवाणूच्या पेशीभोवतीच्या विशिष्ट भिंतीच्या घडणीत अडथळा आणते. किण्वाची भिंत निराळ्याच द्रव्यांची बनलेली असते. तेथे पेनिसिलीनला पकड सापडत नाही.

उपचाराविषयी शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. संशय येताच सडात आणखी औषध सोडणे थांबवावे व पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. पशुवैद्यांच्या सल्ल्याने दुधाचा नमुना निर्जंतुक नळीत घेऊन तपासणीस पाठवावा. पुण्याजवळ औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात अशा तपासण्या होतात. नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घेतला तर निदान अधिक बिनचूक होते. दिवसातून अनेक वेळा धार काढून कास रिकामी करीत राहणे हा या रोगातील महत्त्वाचा उपाय आहे. त्यायोगे किण्व दुधाबरोबर बाहेर टाकले जातात. प्रतिजैविके बंद केल्यावर व कास वारंवार रिकामी केल्यावर कित्येक जनावरे काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. काहींचा सड मात्र निकामी होतो. कासेच्या मागील दोन भागांतून एकूण दुधापैकी सुमारे ६० टक्के दूध येते. मागचा एक सड गेला तर किती दूध गेले याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

रोगट सडाचे दूध जमिनीवर पिळू नये. ते भांड्यात घेऊन दूर खड्ड्यात टाकावे. ते वासरास पाजू नये व विक्रीच्या दुधात मिसळू नये. ज्या जनावरास औषध दिले आहे त्याचे दूधही पशुवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत विकू नये.

हेच कारण घरातही

गोठ्यात जी कारणे घडतात तीच घरातही घडतात. पावसाळ्यात निंदणी करणाऱ्या स्त्रीपुरुषांचे पाय दिवसभर चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलते, आग व खाज सुटते. यास चिखल्या म्हणतात. बुरशी, किण्व व जिवाणू हे तिन्ही त्यात कमीअधिक प्रमाणात असतात. पण त्यांना संधी देते ती ओल. संध्याकाळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपून घेणे व रात्री पाय उघडे ठेवणे, हा याचा मुख्य प्रतिबंध होय. सतत भांडीधुणी करणाऱ्या स्त्रियांची नखांच्या कडेची कातडी सुजते व दुखते, तेथेही पुष्कळदा हेच कारण असते.

खानदेशच्या कडक उन्हाळ्यात घामाने भिजणाऱ्या पाठीवर व छातीवर फिकट वा तपकिरी चट्टे उठतात. त्यांना शिबे म्हणतात. प्रत्येक माणसाच्या कातडीवर राहणारे मॅलॅसेझिया नावाचे किण्व घाम व तेलकटपणा यांमुळे वाढून हे चट्टे होतात. ते कोड नव्हे व महारोगही नव्हे. स्पर्शाने ते सहसा दुसऱ्यास लागत नाहीत. तथापि चट्ट्यावर बधिरपणा असल्यास मात्र त्वरित आरोग्य केंद्रात दाखवावे. गजकर्ण हा याहून निराळा रोग आहे. तो तंतुमय बुरशीचा असून माणसापासून माणसास व जनावरापासून माणसास लागतो.

तान्ह्या मुलाच्या जिभेवर व गालांच्या आत दह्याच्या साईसारखा पांढरा थर येतो व पुसला असता सहज निघत नाही. हा कॅन्डिडाचा विकार होय. प्रसूतीच्या वेळी मातेच्या जननमार्गातून, किंवा पुढे अस्वच्छ बाटली व चोखणी यांतून हे किण्व मुलास मिळतात. अशा वेळी अंगावरचे दूध तोडू नये. आई व मूल या दोघांवर डॉक्टरांकडून उपचार करवून घ्यावा.

स्त्रियांच्या जननमार्गात याच किण्वामुळे तीव्र खाज सुटते, आग होते व दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव जातो. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा विकार होतो, असे वैद्यकशास्त्र मानते. गर्भारपण, मधुमेह, प्रतिजैविकांचे सेवन, तसेच ओली व घट्ट वस्त्रे यांमुळे तो बळावतो. लैंगिक संबंधाने पसरणाऱ्या रोगांत त्याची गणना होत नाही. म्हणून हा विकार झाल्यावरून कोणाच्याही वर्तनाविषयी शंका घेणे अज्ञानाचे व अन्यायाचे आहे. लाजेपोटी स्त्रिया महिनोन्महिने हे दुखणे अंगावर काढतात किंवा कोणी सांगितलेली औषधे घेतात. सर्वच पांढरे जाणे किण्वाचे नसते. त्याचे निदान आरोग्य केंद्रातच होऊ शकते. हा विकार वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येकदा मधुमेहाची पहिली सूचना अशा विकारानेच मिळते.

बाहेरून येणारे किण्व

काही थोडे किण्व मात्र बाहेरून येतात. क्रिप्टोकॉकस नावाचा किण्व कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढतो व धुळीबरोबर श्वासातून आत जातो. अशक्त माणसात तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून प्राणघातक ठरतो. जनावरांच्या कासेतही तो रोग उत्पन्न करतो; १९५२ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुग्धशाळेत त्याचा तीव्र प्रादुर्भाव झाल्याची नोंद आहे. म्हणून गोठ्याच्या व कोठाराच्या आढ्यात कबुतरांना वस्ती करू देऊ नये. त्यांची विष्ठा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडून ओली करावी व नाकातोंडास फडके बांधावे.

२००९ साली जपानमधील एका रुग्णाच्या कानातून कॅन्डिडा ऑरिस ही नवी जात ओळखली गेली. ती रुग्णालयांतील खाटा, साधने व हात यांच्याद्वारे रोग्यापासून रोग्याकडे पसरते, आणि अनेक औषधांना दाद देत नाही. भारतातील रुग्णालयांतही ती आढळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची जी यादी प्रसिद्ध केली तिच्या अग्रभागी हिचा समावेश आहे. औषधे बेसुमार वापरली तर ती निष्प्रभ होतात, हा धडा यातून घ्यावयाचा आहे.

मातीतून मिळालेली औषधे

किण्वांवर चालणारी औषधे निराळी व मोजकीच आहेत. त्यांतील काहींचा जन्म मातीतून झाला आहे. एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनी १९५० साली निस्टॅटिन हे औषध जगापुढे मांडले. ते त्यांना व्हर्जिनिया राज्यातील एका दुग्धशेतीच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून लाभले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील संशोधकांनी हॅमायसिन हे किण्वनाशक औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. याच संस्थेत पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंगिन हे औषधही तयार झाले. अशी औषधे मोठ्या परिश्रमाने मिळतात; त्यांचा वापर डॉक्टर वा पशुवैद्य यांच्या सल्ल्यानेच व्हावा. खाज थांबते म्हणून दुकानातील मिश्र मलमे लावणे विशेष हानिकारक आहे. त्यांतील स्टेरॉइड हा घटक खाज दडपतो, परंतु कातडीची प्रतिकारशक्ती कमी करून आतला रोग वाढवितो.

गोठ्यातील प्रतिबंधक उपाय

१. धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. सड धुतल्यास ते स्वच्छ व कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावेत. प्रत्येक जनावरास वेगळे फडके असावे व ते रोज उकळून उन्हात वाळवावे.

२. पहिल्या दोनतीन धारा काळ्या फडक्यावर किंवा गडद रंगाच्या भांड्यात घेऊन गुठळ्या आहेत काय ते पाहावे.

३. निरोगी जनावरांची धार आधी व रोगट जनावराची शेवटी काढावी.

४. धार संपताच प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या तयार द्रावणात बुडवावा. आयोडीन जिवाणू व किण्व या दोहोंवरही परिणामकारक आहे.

५. त्यानंतर गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे जनावर किमान अर्धा तास उभे राहील.

६. सडात औषध सोडणे भागच असेल तर सडाचे टोक स्पिरिटने पुसावे, एका सडास एकच नवी नळी वापरावी व तिचे टोक आत थोडेच घालावे. उघडलेली नळी पुन्हा वापरू नये.

७. गोठ्याची जमीन उताराची व कोरडी ठेवावी. आंबलेली वैरण, बुरशी आलेली सरकी पेंड व सडकी केळी गोठ्यापासून दूर खतखड्ड्यात टाकावीत.

८. कोंबड्यांची पाण्याची भांडी रोज घासावीत. घाणेरडे पाणी व दीर्घकाळ दिलेली प्रतिजैविके यांमुळे त्यांच्या गळ्यातील खाद्यपिशवीतही किण्वरोग होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संकलन केंद्रावर, ग्रामसभेत व महिला बचत गटांच्या बैठकीत ही माहिती समजावून सांगावी. सडाची नळी व आयोडीनचे द्रावण यांचा योग्य वापर प्रत्यक्ष करून दाखवावा. स्त्रियांच्या विकारांविषयीची माहिती आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने दिल्यास ती अधिक मोकळेपणाने ऐकली जाईल.

किण्व पृथ्वीवरून नाहीसे करणे शक्य नाही व तशी आवश्यकताही नाही. त्यांना मिळणारी ओल, जखम व औषधांनी मोकळी करून दिलेली जागा एवढ्या तीन गोष्टी टाळणे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या हाती आहे. कोरडा गोठा, स्वच्छ हात व सल्ल्यावाचून औषध नाही, हा नियम पाळणाऱ्या घरी दुधाची चरवी भरलेली राहील.